पेटीचे श्रेय आणि माळ्याचे काम

सिंकोना आणि रबर ही दक्षिण अमेरिकेतली झाडे एकोणिसाव्या शतकात आशियात आली. त्याचे श्रेय रिवाजाने दोघांना मिळते : जंगले तुडवणाऱ्या प्रवाशांना आणि लंडनचे डॉक्टर नथॅनियल वॉर्ड यांच्या काचेच्या पेटीला. पेटीची करामत खरीच होती. रोपांची वाफ काचेवर थेंब होऊन पुन्हा मातीत मुरे, खारा वारा आत शिरत नसे. १८३३ मध्ये लंडनहून निघालेली अशा पेट्यांतली रोपे सिडनीपर्यंत जिवंत पोहोचली. त्यापूर्वी जहाजावरची बहुतेक रोपे वाटेतच मरत. तरीही या स्थलांतराचा निकाल जंगलात लागला नाही आणि पेटीतही लागला नाही. रोप मातीतून उपटल्यापासून कायमच्या जागी लागेपर्यंतच्या मधल्या काळाची व्यवस्था ज्यांनी लावली, त्यांनी तो लावला.

कोयनेल देणाऱ्या सिंकोनाचे उदाहरण पाहा. क्लेमेंट्स मार्कहॅम यांनी १८६० मध्ये पेरूतून गोळा केलेली रोपे वॉर्डच्या पेट्यांतूनच निघाली. पण उष्णतेच्या महिन्यांत तांबड्या समुद्राची धग सोसत, मुंबईमार्गे उटीला पोहोचेपर्यंत ती खचली होती. जवळपास सगळी मेली. पुढच्याच वर्षी इक्वाडोरमधली तांबड्या सालीची रोपे रॉबर्ट क्रॉस यांनी एप्रिलमध्ये, म्हणजे तांबड्या समुद्रातले उष्णतेचे महिने टाळून, उटीला आणली. त्यांतली साडेचारशेंहून अधिक जगली. पेटी तीच होती. जात आणि हंगाम मात्र वेगळे होते. पुढे उटीच्या सरकारी बागेचे प्रमुख विल्यम मॅकआयव्हर यांनी छाट कलमे आणि दाब कलमे करून त्यांची संख्या वाढवली. निलगिरीवरचे सिंकोनाचे मळे उभे राहिले ते या रोपवाटिकेच्या जोरावर.

यावर आक्षेप असा, की बी आणले असते तर रोपे सांभाळण्याचा खटाटोपच नको होता. चार्ल्स लेजर यांनी पाठवलेल्या मूठभर बियांवर डचांनी जावात कोयनेलची बाजारपेठ काबीज केलीच की. पण ते बीही आधी वाफ्यात रुजवावे लागले, आणि पुढे त्या नाजूक जातीची कलमे तांबड्या सालीच्या दणकट खुंटावर बांधावी लागली. म्हणजे बियांनी रोपवाटिकेचे काम उलट वाढवले. रबराचे बी तर काही आठवड्यांतच रुजण्याची ताकद गमावते. हेन्री विकहॅम यांनी १८७६ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानात पोहोचवलेल्या सुमारे ७०,००० बियांतून जेमतेम २,७०० रोपे उगवली. त्यांतली १,९१९ रोपे ३८ पेट्यांत, सोबत माळी देऊन, सिलोनला धाडली, बहुतेक जगली. त्याच सुमारास सिंगापूरला पाठवलेली छोटी खेप मात्र जहाजाचे भाडे वेळेवर न भरल्याने अडकून मेली. वनस्पतिशास्त्रातली एकही चूक झालेली नसताना एका हिशेबी दिरंगाईने ती गेली.

मधल्या काळाच्या व्यवस्थेचा हाच प्रश्न आजच्या वृक्षलागवडीलाही लागू आहे. महाराष्ट्रात २०१९ च्या पावसाळ्यासाठी ३३ कोटी झाडे लावण्याचे लक्ष्य ठरले होते. असा आकडा पुन्हा कानी पडला, की खड्डे किती खणले हे विचारण्याआधी रोपे किती वयाची आहेत, कोणत्या महिन्यात निघाली आणि वाटेत त्यांना पाणी कोणी घातले, हे विचारावे.