सायबर हल्ल्यांबाबत राष्ट्रांचे उत्तरदायित्व

संगणकीय मार्गाने दुसऱ्या देशाला पोहोचवलेल्या हानीबद्दल एखाद्या राष्ट्राला केव्हा जबाबदार धरता येते, हा आंतरराष्ट्रीय कायद्यातील वादग्रस्त प्रश्न आहे. यासाठी स्वतंत्र करार नसल्याने आंतरराष्ट्रीय विधी आयोगाची २००१ ची कलमे आधार मानली जातात. त्यांनुसार शासकीय यंत्रणेचे कृत्य हे राष्ट्राचेच कृत्य ठरते. खासगी गटाचे कृत्य मात्र राष्ट्राच्या सूचनेवरून, निर्देशाने किंवा नियंत्रणाखाली घडले असेल, तर त्या राष्ट्राच्या माथी येते. निकाराग्वा खटल्यात (१९८६) आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्यासाठी ‘प्रभावी नियंत्रणा’ची कसोटी लावली. केवळ पैसा वा शस्त्रे पुरवणे तिला पुरेसे नाही.

ही कसोटी लावण्याआधीच प्रकरण कसे अडते, हे मुंबईच्या उदाहरणावरून दिसते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगरातील वीजपुरवठा खंडित होऊन लोकलगाड्या थांबल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘रेकॉर्डेड फ्यूचर’ या अमेरिकी कंपनीने, चीनशी संबंधित ‘रेडएको’ गटाने भारताच्या वीजक्षेत्राला लक्ष्य केल्याचे म्हटले. मुंबईतील घटनेशी त्याचा संबंध मात्र तिने सिद्ध मानला नाही. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर घातपाताची शक्यता वर्तवली. तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मानवी चूक हे कारण दिले, तर चीनने आरोप फेटाळले. म्हणजे हल्ला कोणाचा, याआधी हानी हल्ल्यामुळेच झाली का, यावरच दोन सरकारांचे एकमत नव्हते.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०१५ मध्ये असे आरोप पुराव्यानिशी असावेत, असे सुचवले होते.