मुंबईत कॅन्सरचं निदान ते उपचार: पेशंटची वाट नेमकी कुठे अडते आणि ती सोपी कशी होईल?

मुंबईत कुणाच्या घरी कॅन्सरचं निदान झालं की नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "टाटाला दाखवलं का?"

परळचं टाटा मेमोरिअल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. सर दोराबजी टाटा ट्रस्टनं ते उभारलं. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेलं आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या ताब्यात आहे. एवढ्या वर्षांत 'टाटा' हा शब्दच कॅन्सर हॉस्पिटलसाठी वापरला जाऊ लागला. महाराष्ट्राच्या गावागावांतून, बिहार, उत्तर प्रदेश, बंगालमधून पेशंट इथं येतात.

पण एखाद्या शहरात एक नावाजलेलं हॉस्पिटल आहे म्हणजे त्या शहरातली कॅन्सरसेवा चांगली आहे, असं होत नाही. विरारच्या चाळीत किंवा गोवंडीच्या वस्तीत राहणाऱ्या माणसाला गाठ जाणवते त्या दिवसापासून त्याचा उपचार सुरू होईपर्यंत मध्ये किती दिवस जातात, यावर बरंच काही ठरतं. या सगळ्या प्रवासाला डॉक्टरांच्या भाषेत 'केअर पाथवे' म्हणतात. साध्या मराठीत, पेशंटची वाट.

उशिरानं नेमका काय फरक पडतो?

२०२० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. सात प्रकारच्या कॅन्सरवरचे अनेक अभ्यास त्यात एकत्र तपासले होते. शस्त्रक्रियेला चार आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, असं त्यात आढळलं.

म्हणजे 'पुढच्या महिन्यात बघू' याची किंमत मोजता येते. हा महिना पेशंटच्या भीतीमुळे गेला, रिपोर्ट न मिळाल्यामुळे गेला की ऑपरेशनची तारीख न मिळाल्यामुळे गेला, याचं आजाराला काही देणंघेणं नसतं.

पहिला अडथळा: डॉक्टरकडे जाईपर्यंतचा काळ

तोंडाचा कॅन्सर हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. तंबाखू-चुना, गुटखा, मशेरी यांमुळे गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा येतो, तोंड पूर्वीइतकं उघडत नाही, जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नाही. हे सगळं आरशात दिसतं. तरीही माणूस 'दाढ लागली असेल' म्हणून मेडिकलमधून जेल आणतो.

महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. पण तंबाखू आणि सुपारी वेगवेगळ्या पुड्यांत मिळतच राहिली.

स्तनातली गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. दुखत नाही म्हणून ती सांगितली जात नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये अंगावरून पाणी किंवा रक्त जातं, पण त्याबद्दल घरात बोलायला संकोच वाटतो.

म्हणूनच काहीही त्रास नसताना तपासणी करायची असते. केंद्राच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या व्यक्तींसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची तपासणी ठरवून दिली आहे.

मुंबईनंच जगाला दाखवलेला उपाय

ही तपासणी महागडी असते, हा समज मुंबईतल्या एका प्रयोगानं खोडून काढला.

टाटा मेमोरिअलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधल्या सुमारे दीड लाख महिलांवर दीर्घ अभ्यास केला. वस्तीतल्याच, दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच, लावून रंग बदलतो का ते त्या पाहायच्या. ज्या वस्त्यांमध्ये ही तपासणी झाली, तिथं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. लॅब नाही, महागडं यंत्र नाही.

याच महिलांमध्ये हातानं स्तनतपासणीही केली गेली. तिचे वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडणाऱ्या कॅन्सरचं प्रमाण ३७ टक्के होतं, तपासणी न झालेल्या गटात ४७ टक्के. पन्नाशीच्या पुढच्या महिलांमध्ये मृत्यूही जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या महिलांमध्ये मात्र असा फायदा दिसला नाही.

यातून शहराला सरळ धडा मिळतो. तपासणी मोठ्या हॉस्पिटलात न ठेवता पेशंटच्या गल्लीत न्यायची. मुंबईत महापालिकेचे दवाखाने आहेत, २०२२ पासून 'आपला दवाखाना' केंद्रंही सुरू झाली आहेत. ब्लड प्रेशर आणि शुगरसोबत तोंड उघडून बघायला दोन मिनिटं लागतात.

दुसरा अडथळा: शंका ते पक्कं निदान

इथं सगळ्यात जास्त पायपीट होते. फॅमिली डॉक्टर, मग डेंटिस्ट किंवा सर्जन, मग सोनोग्राफी एका ठिकाणी, बायोप्सी दुसऱ्या ठिकाणी, स्कॅन तिसऱ्या ठिकाणी. प्रत्येक ठिकाणी नवी रांग, नवा केसपेपर.

त्यात आणखी एक चूक वारंवार होते. पक्कं निदान होण्याआधीच गाठ घाईघाईनं काढली जाते. नंतर ती कॅन्सरची निघते. मग किती भाग काढायला हवा होता, कडा मोकळ्या होत्या का, आधी केमो द्यायला हवी होती का, हे प्रश्न ऑपरेशननंतर उभे राहतात. अनेकदा दुसरं ऑपरेशन करावं लागतं.

यावर उपाय म्हणजे 'ट्यूमर बोर्ड'. सर्जन, केमोथेरपी देणारे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून पेशंटची फाइल बघतात आणि उपचारांचा क्रम आधी ठरवतात. टाटामध्ये प्रत्येक अवयवाच्या कॅन्सरसाठी असा वेगळा गट आहे. हीच सोय केईएम, सायन, नायर, कूपरसारख्या हॉस्पिटलांतल्या आणि उपनगरांतल्या पेशंटपर्यंत पोचली, तर प्रत्येकाला परळ गाठायची गरज उरणार नाही. ऑनलाइन बैठकांमुळे हे आता अवघड राहिलेलं नाही.

घड्याळ लावलं तर?

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत कॅन्सरसाठी मुदती ठरलेल्या आहेत. तातडीनं पाठवलेल्या पेशंटला २८ दिवसांत 'कॅन्सर आहे की नाही' हे कळलं पाहिजे. उपचार ठरल्यावर ते ३१ दिवसांत सुरू व्हायला हवेत. आणि पहिल्या चिठ्ठीपासून उपचार सुरू होईपर्यंत एकूण ६२ दिवस.

६२ दिवसांचं उद्दिष्ट तिथंही अनेक वर्षं पूर्ण होत नाहीये. पण आकडे दर महिन्याला जाहीर होतात, त्यामुळे कुठल्या भागात, कुठल्या टप्प्यावर पेशंट अडकलेत हे सगळ्यांना दिसतं.

जागतिक आरोग्य संघटनेनंही स्तनाच्या कॅन्सरसाठी तीन उद्दिष्टं सांगितली आहेत. ६० टक्क्यांहून जास्त पेशंट पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडावेत, पेशंट डॉक्टरकडे गेल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं आणि ८० टक्क्यांहून जास्त पेशंटचे उपचार पूर्ण व्हावेत.

मोजमापाचा पाया मुंबईत जुना आहे. भारतातली पहिली लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी १९६३ मध्ये इथंच, इंडियन कॅन्सर सोसायटीच्या पुढाकारानं सुरू झाली. किती जणांना कुठला कॅन्सर होतो हे नोंदवण्याची सवय शहराला आहे. त्याच्या जोडीला 'किती दिवस लागले' हा रकाना हवा.

तिसरा अडथळा: उपचार सुरू झाले, पण टिकवायचे कसे?

रेडिएशन साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे चालतं. केमो अनेकदा तीन-तीन आठवड्यांनी. कर्जत किंवा पालघरहून रोज येणं म्हणजे एका माणसाची मजुरी बुडते, सोबतच्याचीही बुडते. बाहेरगावचे पेशंट परळच्या फूटपाथवर दिवस काढतात ते यामुळेच.

दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कित्येक वर्षं अशा पेशंटचा आधार आहे. लहान मुलांच्या कुटुंबांसाठी २००६ मध्ये मुंबईत सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सनं मोफत राहण्याची सोय सुरू केली. राहायला जागा नसली की आईबाप मुलाला अर्ध्या उपचारातून गावी नेतात, त्यामुळे खोली हाही उपचाराचाच भाग ठरतो.

पैशांच्या बाजूनं महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारनं तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला दीड लाखांवरून पाच लाखांवर नेण्याचा आणि ती सर्व रेशनकार्डधारकांना लागू करण्याचा निर्णय घेतला. पण कागदपत्रं अपुरी असली की मंजुरी लांबते.

औषधांच्या किमतींवर नॅशनल कॅन्सर ग्रिडनं वेगळा मार्ग काढला. २०१२ मध्ये सुरू झालेल्या या जाळ्यात देशभरातली कॅन्सर हॉस्पिटलं आहेत. त्यांनी एकत्र मिळून खरेदी केली, तेव्हा औषधांचे भाव मोठ्या प्रमाणात खाली आले. उपचारांच्या समान पद्धतीही हे ग्रिड ठरवतं, म्हणजे हॉस्पिटल बदललं तरी उपचार बदलू नयेत.

हात धरून नेणारा 'केवट'

मोठ्या हॉस्पिटलमध्ये पेशंट सगळ्यात जास्त गोंधळतो तो साध्या गोष्टींनी. कुठली खिडकी, कुठला मजला, रिपोर्ट कधी, आता पुढे काय? डॉक्टरांकडे हे समजावायला वेळ नसतो.

यासाठी टाटा मेमोरिअल सेंटरनं टाटा समाजविज्ञान संस्थेच्या साथीनं 'केवट' हा अभ्यासक्रम सुरू केला. रामायणात रामाला गंगापार नेणाऱ्या नावाड्याचं हे नाव. यात तयार झालेले 'पेशंट नॅव्हिगेटर' पेशंटला एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर नेतात, तारखा आठवून देतात, योजनेची माहिती देतात. असा माणूस प्रत्येक मोठ्या सरकारी हॉस्पिटलात असणं, हा नव्या यंत्रापेक्षा कितीतरी स्वस्त उपाय आहे.

बरं होणार नसेल तर?

वाट इथंही संपत नाही. वेदना कमी करणं, जखमेची काळजी, घरच्यांना धीर देणं यालाच पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये वांद्र्यात सुरू झालं. मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात बदलही झाला. 'आता घरी न्या' हे वाक्य ऐकल्यावर कुटुंबाच्या हातात एक फोन नंबर आणि वेदनाशामक औषध असणं, हा चांगल्या सेवेचा शेवटचा पण महत्त्वाचा टप्पा आहे.

पेशंट आणि नातेवाईकांनी काय लक्षात ठेवावं?

– तोंडातली जखम, गाठ, अंगावरून रक्त जाणं किंवा आवाजातला बदल तीन आठवड्यांहून जास्त टिकला, तर तपासून घ्या.
– गाठ काढण्याआधी 'बायोप्सी झाली का?' हे जरूर विचारा.
– बायोप्सीचे रिपोर्ट, स्लाइड आणि ब्लॉक, स्कॅनच्या सीडी हे सगळं एका फाइलमध्ये, तारखेनुसार ठेवा. दुसऱ्या हॉस्पिटलात स्लाइड पुन्हा तपासतात, त्यामुळे त्या मागून घ्या.
– रेशनकार्ड आणि आधारकार्डावरची नावं जुळतात का, हे पहिल्याच दिवशी बघा.
– हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा. राहण्याची सोय, ट्रस्टची मदत आणि रेल्वे सवलतीचा फॉर्म याची माहिती तिथं मिळते. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सर पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीच्या भाड्यात पूर्ण सवलत आहे.
– एखादी तारीख चुकली तर 'आता ओरडतील' म्हणून थांबू नका. दुसऱ्याच दिवशी जा.