शेजारचं चर्च, आपली मराठी

सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. वसईचा इतिहास म्हटलं की आपण १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकलेल्या किल्ल्यापाशी थांबतो. पोर्तुगीज गेले, इथले ख्रिस्ती मात्र भूमिपुत्र, ते इथेच राहिले.

शेजाऱ्यांच्या आग्रहावरून एका रविवारी आम्ही उभयता चर्चमध्ये गेलो. मिस्सा चक्क मराठीत! गायन, बायबलवाचन, फादरांचं प्रवचन, सगळं समजलं. कम्युनियनसाठी मंडळी रांगेत गेली, तेव्हा आम्ही जागेवरच बसलो. कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

पूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये होई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) लोकभाषांना मुभा दिली आणि वसईत मराठी आली. इथल्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणलं. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. वसईच्या वाड्या नि विहिरी वाचाव्यात म्हणून ‘हरित वसई’ चळवळीतही ते पुढे होते. आपण इथे राहायला आलो ते त्याच हिरव्या वसईत, हे ध्यानात ठेवलं पाहिजे.

आपली नातवंडं आज इंग्रजीत शिकतात. मराठी टिकवायची तर हे शेजारी आपल्याच पंगतीतले. पुढच्या गणेशोत्सवात त्यांना अगत्याने बोलवावं, ही कमिटीला विनंती.