स्पर्धेचा इतिहास लिहायचाय? आधी प्रवेशाचा नियम वाचा

मागच्या हिवाळ्यात दोंडाईच्यात डॉक्टरांची एक क्रिकेट स्पर्धा बघायला गेलो होतो. आमच्या गल्लीतल्या दवाखान्याचा कंपाउंडर शेजारी बसून स्कोअर लिहीत होता. टेनिस बॉलवर त्याच्यासारखी बॉलिंग आमच्याकडे फार थोडे जण करतात. एका संघाचे दोन जण आलेच नव्हते, नऊ जणांवर मॅच चालली होती. मी म्हटलं, "दादा, तुम्हीच उतरा ना." तो हसला. "मनाकडे डिगरी नही ना भाऊ." आणि पुढच्या चेंडूचा ठिपका वहीत मांडला.

तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय आणि मला विचारता, की विषय कसा शोधायचा? आज एक विषय घेऊन बघू: डॉक्टरांच्या हौशी आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धांचा इतिहास. ऐकायला हलकाफुलका वाटतो. पहिल्या झटक्यात आपण काय करतो? वर्ष, ठिकाण, विजेता, उपविजेता असा तक्ता करतो. तो तक्ता परिशिष्टात ठेवा. प्रबंध उभा राहील तो त्या कंपाउंडरच्या उत्तरावर. मैदानात कोणाला उतरता येतं, कोणाला नाही, आणि ही रेघ कोण कशाच्या आधारावर मारतं?

1875: 'फुटबॉल' म्हणजे नेमकं काय?

सुरुवात लंडनच्या हॉस्पिटलांपासून होते. तिथल्या वैद्यकीय शाळांमधली चषक स्पर्धा 1875 साली सुरू झाली आणि पहिला चषक गाईज हॉस्पिटलने जिंकला. इथे पहिला खड्डा आहे, सांभाळा. ही स्पर्धा रग्बीची. पण त्या काळच्या वर्तमानपत्रांत 'फुटबॉल' हा शब्द दोन्ही खेळांना सर्रास वापरला जायचा. डिजिटल संग्रहात 'हॉस्पिटल' आणि 'फुटबॉल' असं शोधून जे मिळेल ते सगळं वहीत उतरवलंत, तर तुमचा पहिलाच तक्ता चुकेल. शब्द आजचा दिसला तरी अर्थ त्या वर्षाचा घ्यायचा.

दुसरा शब्द 'हौशी'. आपल्याला वाटतं, जो पैसे घेत नाही तो हौशी. पण हेन्लीच्या होड्यांच्या शर्यतीसाठी 1879 मध्ये केलेली व्याख्या वाचा. मजुरीवर काम करणारा कारागीर, मेकॅनिक किंवा मजूर तिच्यात हौशी ठरतच नव्हता. त्याने वल्हवण्याचा एक पैसा घेतलेला नसला तरी नाही. पेशंटकडून फी घेणाऱ्या डॉक्टरला मात्र काहीच अडचण नव्हती. म्हणजे नियमाचं नाव पैशाचं, पण आडवा यायचा माणसाचा दर्जा.

याच काळातले डब्ल्यू. जी. ग्रेस घ्या. 1879 साली डॉक्टर झाले, क्रिकेटमध्ये आयुष्यभर हौशी म्हणून खेळले. 1895 मध्ये लोकवर्गणीतून त्यांना 9,000 पौंडांच्या आसपास थैली मिळाली, तरी हौशीच राहिले. फुटबॉलने त्यामानाने लवकर कबुली दिली. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने 1885 मध्ये व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली आणि 1893-94 च्या हंगामापासून हौशींसाठी वेगळा चषक काढला.

पुणे-मुंबई: एकाच संघातले दोघे

"हे सगळं इंग्लंडचं झालं, आपलं काय?" असं तुमच्या मनात आलं असेल. इथे थोडा वेळ फुटबॉल सोडून क्रिकेटकडे जावं लागेल, कारण आपल्याकडचा सगळ्यात स्पष्ट पुरावा तिथे आहे.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या संघात मुंबईचे डॉ. होर्मसजी कांगा होते. पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग त्यांच्याच नावाची, 1948 साली सुरू झालेली. त्याच संघात पालवणकर बाळूही होते. चर्मकार कुटुंबातले, डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात आधी पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायचं, रोलर फिरवायचं काम त्यांनी महिना 3 रुपयांवर केलं. मग युरोपियनांच्या पूना क्लबात 4 रुपयांवर. साहेब लोकांना सरावासाठी गोलंदाजी करता करता ते घडले. पुढे हिंदू संघात आल्यावरही त्यांना चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात दिला जायचा. इंग्लंडच्या त्या दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. हिंदू संघाचं कर्णधारपद मात्र त्यांना कधीच मिळालं नाही. ते 1923 साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं.

स्कोअरकार्डात कांगा आणि बाळू एकाखाली एक दिसतात. दोघांमधलं अंतर तिथे दिसणार नाही. ते दिसतं क्लबाच्या पगारात आणि चहाच्या भांड्यात. डॉक्टरची रोजीरोटी खेळाबाहेर होती, म्हणून खेळ ही हौस म्हणून जपणं त्याला जमत होतं. बाळूंच्या घरची चूल पेटायची ती मैदानावर केलेल्या कामातून. मग रेल्वेत नोकरी मिळाली, तीही खेळामुळेच. 'हौशी' हा शब्द वाचला की हा प्रश्न लगेच विचारा: या माणसाचं घर कशावर चालतंय?

1948: डॉक्टर होऊ घातलेला कर्णधार

आता परत फुटबॉलकडे. ऑलिंपिकमधलं फुटबॉल तेव्हा हौशींसाठीच होतं, म्हणजे ती आंतरराष्ट्रीय हौशी स्पर्धाच. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताच्या फुटबॉल संघाचा कर्णधार होता एक वैद्यकीय विद्यार्थी, तालिमेरेन आओ. उद्‌घाटनाच्या संचलनात तिरंगाही त्यांच्याच हातात होता.

आओंचा जन्म 1918 चा, नागा टेकड्यांमधल्या चांगकी गावचा. वडील धर्मोपदेशक. मुलाने डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा, पण ते 1935 मध्ये टायफॉइडने गेले. आओ गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात शिकले, नंतर कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात आले आणि मोहन बागानकडून खेळू लागले. 31 जुलै 1948 ला इल्फर्डच्या मैदानात भारताची गाठ फ्रान्सशी पडली. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. भारताने दोन पेनल्टी वाया घालवल्या, रामनने बरोबरी साधली, आणि अगदी शेवटी गोल खाऊन सामना 2-1 असा गेला.

आओंबद्दल एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. लंडनच्या आर्सेनल क्लबाने त्यांना करार देऊ केला आणि त्यांनी शिक्षणासाठी तो नाकारला. गोष्ट सुंदर आहे, म्हणूनच जरा थांबा. प्रबंधात ती कशी लिहाल? त्याच वर्षांत आर्सेनलकडून एक खरेखुरे डॉक्टर हौशी म्हणून खेळत होते, डब्लिनचे केविन ओ'फ्लानागन. आयर्लंडकडून ते फुटबॉल आणि रग्बी दोन्ही खेळले, पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्यही झाले. म्हणजे त्या क्लबात वैद्यकीय क्षेत्रातल्या हौशी खेळाडूला जागा होती. पण यातून गोष्ट 'शक्य' ठरते, 'सिद्ध' होत नाही. सिद्ध करायची तर तीन गोष्टी तपासा. पहिल्यांदा कोणी सांगितलं? घटनेनंतर किती वर्षांनी सांगितलं? आणि सांगणाऱ्याला ते कळण्याचा मार्ग काय होता? यांची उत्तरं मिळेपर्यंत 'असं सांगितलं जातं' हे शब्द खोडू नका. गाईडने खोडले तर परत लिहा.

पुढचं मात्र पक्कं आहे. 1950 मध्ये आओ डॉक्टर झाले, मोठं फुटबॉल सुटलं, आणि ते नागा टेकड्यांमध्ये परत गेले. कोहिमात सिव्हिल सर्जन, नंतर नागालँडचे आरोग्य संचालक, 1978 ला निवृत्त. त्यांच्यापुढे फूट होती आणि त्यांनी एक वाट धरली. ब्राझीलच्या सॉक्रेटिसने उलट केलं. वैद्यकीय पदवी घेतली, पण व्यावसायिक फुटबॉल खेळला आणि 1982 च्या विश्वचषकात ब्राझीलचं कर्णधारपद केलं. दोघांची तुलना करताना कोण थोर हे ठरवायला जाऊ नका. एकाच्या देशात तेव्हा फुटबॉलवर उघडपणे घर चालत होतं, दुसऱ्याच्या देशात नव्हतं.

1974 नंतर: पैशाची रेघ गेली, पदवीची आली

1974 मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने हौशी-व्यावसायिक हा भेदच काढून टाकला. हौशी चषकही त्याच वर्षी संपला. ऑलिंपिकच्या सनदेतूनही 'हौशी' हा शब्द 1970 च्या दशकातच गेला.

आता पुढच्या तारखा बघा. डॉक्टर आणि आरोग्यक्षेत्रातल्या लोकांचे जागतिक क्रीडा सामने 1978 साली फ्रान्समधल्या कान शहरात सुरू झाले. फक्त डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघांची जागतिक फुटबॉल स्पर्धा 1990 च्या दशकाच्या मध्यापासून भरते. 2015 ला ती कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला झाली, 2017 ला ऑस्ट्रियातल्या लिओगांगला. तिच्या जोडीला क्रीडा आणि आरोग्य या विषयावरची परिषदही असते. रजेच्या अर्जात परिषद किती कामाला येते, ते नोकरीतल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा.

म्हणजे 'पैसे घेतो का?' हा प्रश्न मागे पडला त्याच सुमारास 'पदवी आहे का?' हा प्रश्न पुढे आलेला दिसतो. पण एकामुळे दुसरं घडलं असं लगेच लिहू नका. तारखा जवळ आहेत एवढंच हातात आहे. स्वस्त झालेला विमानप्रवास, वाढलेली वैद्यकीय अधिवेशनं, क्रीडावैद्यक हा नवा विषय, अशी कारणंही रांगेत उभी आहेत. त्यांना बाजूला सारायचं तर पुरावा लागेल.

आणि पदवीची रेघ ओढली म्हणून आतले सगळे सारखे होत नाहीत. स्वतःचं हॉस्पिटल असलेला सर्जन आठ दिवस कॅलिफोर्नियाला जाऊ शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातला एकटा मेडिकल ऑफिसर बाळंतपणाची केस सोडून नंदुरबारलाही जाऊ शकत नाही. 1911 चा प्रश्न इथे परत येतो: हौस परवडते कोणाला?

आता तुमचा सिनॉप्सिस

आरआरसीसमोर 'डॉक्टरांच्या फुटबॉल स्पर्धांचा इतिहास' एवढंच शीर्षक नेलंत तर पहिला प्रश्न येईल, "यात नवीन काय?" तेच शीर्षक 'खेळाडूंच्या पात्रतेचे नियम आणि डॉक्टर खेळाडू' असं फिरवा. मग साधनं कोणती लागतील ते आपोआप दिसतं. नियमपुस्तिका, प्रवेश अर्ज, 'हा खेळाडू चालणार नाही' म्हणून झालेल्या तक्रारींचा पत्रव्यवहार, वैद्यकीय संघटनांच्या स्मरणिका. स्मरणिकेतल्या जाहिराती फाडून टाकू नका, खर्च कोणी केला ते तिथेच कळतं. मुलाखती घ्याल तेव्हा खेळलेल्यांच्या घ्याच, पण ज्यांना खेळू दिलं नाही त्यांच्याही घ्या. नियम कुठे टोचतो ते त्यांनाच नेमकं ठाऊक असतं.

त्या दिवशी मॅच संपल्यावर मी कंपाउंडरची वही चाळली. बाविसांपैकी आलेल्या वीस जणांची नावं ठसठशीत होती. त्याचं स्वतःचं नाव शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात, 'स्कोअरर' या शब्दापुढे, बारीक अक्षरात. अशा आठ वर्षांच्या वह्या घरी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्यात म्हणाला. आयोजकांकडे एकही नाही. मी विचारलं, बघू द्याल का?

"रविवारले ये ना भाऊ," तो म्हणाला.