तिरंदाजाच्या भात्यातला शब्द

वर्तकनगरच्या पाठीशी येऊरचा डोंगर. अशा डोंगराकडेच्या वस्त्यांत मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. जागा सुजत नाही, फारशी दुखतही नाही. पहाटे पापण्या आपोआप मिटू लागतात, जीभ जड होते, मग श्वास अडतो. डॉक्टर म्हणतात, ‘न्यूरोटॉक्सिक’. घोणशीच्या दंशात रक्त साकळेनासं होतं, ते ‘हिमोटॉक्सिक’. शिसं, पारा यांनाही पहिलाच शब्द लागतो.

या शब्दाचे दोन्ही तुकडे तिरंदाजाचे आहेत! ‘टॉक्सॉन’ हे ग्रीकांचं धनुष्य आणि ‘टॉक्सिकॉन’ बाणाला लावायचं विष. पुढे धनुष्य गळून पडलं, विष तेवढं उरलं. ‘न्यूरॉन’ म्हणजे मुळात तात. ‘इलियड’मध्ये मेनेलाउसला बाण लागतो, तेव्हा त्या बाणाचं पातं दांडीला ज्याने बांधलंय, ते न्यूरॉनच. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हेरोफिलसने मज्जातंतू वेगळे ओळखले आणि नाव मात्र तातीचंच राहिलं. आपला ‘स्नायू’ याच मुळाचा. संस्कृतात तोही तातच होता. मराठीत तो मांसाकडे वळला, ग्रीक भाऊ मज्जेकडे.

वाद आहे तो ‘टॉक्सॉन’चा. रोमन प्लिनी सांगतो की हे विष मूळचं ‘टॅक्सिकम’, म्हणजे टॅक्सस या विषारी झाडावरून आलेलं. मोह पडावा असंच आहे, कारण त्याच झाडाच्या लाकडाची धनुष्यंही होत. पण ग्रीकात धनुष्याचा अर्थ आधीचा, विषाचा नंतरचा. प्लिनीने गाडी उलटी जुंपली. मला पटतो तो इराणी उगम: शकांच्या बोलीतला ‘तख्श’सारखा शब्द. अडचण एकच. पायलोसच्या मायसीनी मातीपाट्यांवर धनुष्य घडवणाऱ्यांचा शब्द आहे, आणि शक ग्रीकांना भेटले ते त्यानंतर कित्येक शतकांनी. तेव्हा देणारा शक नव्हे, त्याचा एखादा इराणीभाषी पूर्वज असावा, असा माझा अंदाज; ठामपणे सांगता येत नाही.

आपल्याकडे विषारी बाणाला ‘दिग्ध’ म्हणत, म्हणजे माखलेला. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात असे बाण युद्धात वापरायला मनाई आहे. संस्कृताने लेपावरून नाव दिलं, ग्रीकाने धनुष्यावरून.

आणि बाणाच्या विषाचं मज्जातंतूशी असलेलं नातं नुसतं शब्दातलं नाही. दक्षिण अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचं बाणांचं विष, क्युरारे, मज्जातंतू जिथे स्नायूला भेटतो तिथला निरोप अडवतं. नागाचं विषही तिथेच बसतं. म्हणून नागदंशात प्रतिविषाच्या जोडीला निओस्टिग्मिनचा उपयोग होतो. मण्यारीचं विष तंतूचं टोकच निकामी करतं, तिथे ते फारसं चालत नाही. तंतू सावरेपर्यंत व्हेंटिलेटरवर दिवस काढावे लागतात.