बडोद्याचा करार आणि सोलापूरचं एमसीए

एमसीए २०२०-२१ पासून तीनऐवजी दोन वर्षांचं झालं. एका वर्षाची फी वाचली खरी, पण उरलेल्या दोन वर्षांसाठी कर्ज काढायचं का, हा प्रश्न विड्या वळणाऱ्या आणि यंत्रमागावर राबणाऱ्या सोलापूरच्या आईबापांपुढे तसाच उभा आहे. शैक्षणिक कर्ज म्हणजे गुंतवणूक, असं बँक सांगते. आपले काही कार्यकर्तेही तेच सांगतात आणि वर दाखला देतात की बाबासाहेबांनीसुद्धा उसने पैसे घेऊनच शिक्षण केलं. हा दाखला अर्धवट आहे, असं आमचं म्हणणं आहे.

जून १९१३ मध्ये बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाशी करार केला. दरमहा साडेअकरा पौंड मिळणार आणि त्या बदल्यात शिक्षण संपल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. नाव शिष्यवृत्तीचं, पण फेड ठरलेली होती. १९१७ मध्ये ते करार पाळायला बडोद्याला गेले. कोलंबियात शिकून आलेला हा माणूस, पण कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबूनच फेकत. शहरात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तर तिथून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढलं. शेवटी नोकरी सोडून मुंबईला परतावं लागलं. आणि पुढे दरबाराने शिष्यवृत्तीचे पैसे परत मागितले!

मित्रांनो, इथे थांबून नीट बघा. पदवी होती, हुशारी होती, खुद्द महाराजांची इच्छाही होती. तरी जातीने कमाई बुडवली आणि देणं मात्र जागच्या जागी राहिलं. कर्जाच्या कागदावर जातीचा रकाना नसतो. तो कमाईच्या बाजूला असतो, आणि तिथे तो छापलेला नसतो.

१९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, ते वेगळा हिशेब मांडून. आधी सिडनहॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापकी केली, त्यातून पैसे साठवले. शाहू महाराजांनी दीड हजार दिले, मित्र नवल भथेनांकडून पाच हजार उसने घेतले. स्वतःची बचत, एका राजाची मदत आणि एका मित्राचा विश्वास, एवढ्यावर ते शिक्षण झालं. ज्याच्या संशोधनाचा विषयच रुपया होता, त्या माणसाने उभं केलेलं हे भांडवल आहे. आजच्या बँकेच्या हप्त्याशी त्याची बरोबरी करणं चूक आहे.

आणि परत आल्यावर त्यांनी आपल्या पोरांसाठी काय केलं? त्याचं उत्तर सोलापुरातच आहे. जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापुरात वसतिगृह उघडलं. सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपये अनुदान दिलं. मुलांचं जेवण, कपडे, वह्या-पुस्तकं यांचा भार सभेने उचलला, पोरांच्या नावावर देणं चढवलं नाही. १९४४ मध्ये, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, तीही याच विचाराने.

आता आजचं गणित करू. समजा दोन वर्षांत दीड-दीड लाख असं तीन लाखांचं कर्ज काढलं, व्याज १० टक्के. शिक्षण आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. साध्या व्याजाने धरलं तरी हप्ता सुरू होईपर्यंत ७५ हजार चढतात. मग पावणेचार लाखांवर सात वर्षं दरमहा साधारण ६,२२५ रुपये. एकूण फेड सव्वापाच लाखांच्या आसपास. पोरगं हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेलं आणि २० हजारांवर लागलं, तर जवळपास एक तृतीयांश पगार हप्त्यात जाणार. उरलेल्यात खोलीभाडं, मेस आणि घरी पाठवायचे पैसे. पगार ३५ हजार असेल तर हेच कर्ज पेलतं. म्हणजे सगळं पहिल्या नोकरीवर आणि ती किती लवकर लागते यावर आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ चा अभ्यास सांगतो की पात्रता सारखी असूनही दलित आडनावाच्या अर्जांना खासगी कंपन्यांकडून कमी बोलावणी आली. बँकेच्या तक्त्यात हे कुठे धरलंय?

म्हणून आमचं म्हणणं शिकू नका असं नाही. कर्ज हा शेवटचा पर्याय ठेवा, एवढंच. उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्यावर असेल तर फ्रीशिप. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार. पुण्यासारख्या शहरात तिची रक्कम वर्षाला ६० हजार ठरलेली आहे. हे सगळं आपल्या हक्काचं आहे. अडचण अशी की हे पैसे उशिरा येतात आणि कॉलेज फीसाठी थांबत नाही. त्या मधल्या काळापुरतं म्हणून कर्ज काढलं जातं आणि पुढे तेच सात वर्षं मानेवर बसतं. सरकारचा उशीर पोराच्या नावावर व्याजाने लिहिला जातो.

जयंतीच्या बैठकीत आम्ही एक ठराव मांडणार आहोत. वर्गणीचा ठरावीक वाटा डीजेला न देता वेगळा ठेवायचा, शिष्यवृत्ती अडकलेल्या मुलामुलींची फी त्यातून बिनव्याजी भरायची आणि शिष्यवृत्ती जमा झाली की त्यांनी ती परत करायची. पहिल्या वर्षी चारच जणांची भरता आली तरी चालेल.