अनुपस्थितीची पाठशाळा : चंदीगढचे वास्तुकार्यालय आणि तरुण भारतीय वास्तुरचनाकारांचे नेतृत्वशिक्षण

वास्तुकलेच्या इतिहासलेखनात 'नेतृत्व' ही संकल्पना बहुधा गृहीत धरलेली असते. थोर वास्तुरचनाकार उपजतच नेता असतो आणि इतर त्याचे साहाय्यक असतात, अशी ही धारणा आहे. विद्यालय पदवी देते, आरेखन शिकवते. परंतु निर्णय घेणे, तो शासनापुढे मांडणे, अभियंत्याशी व कंत्राटदाराशी वाद घालून तो निभावणे आणि चुकल्यास त्याचे उत्तर देणे, हे कोठे शिकले जाते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. स्वातंत्र्योत्तर भारतात या प्रश्नाचे सर्वांत ठळक उत्तर चंदीगढच्या राजधानी प्रकल्पाच्या कचेरीत सापडते. तेथे नेतृत्वाचा कोणताही अभ्यासक्रम नव्हता, तरीही पुढील तीन दशके उत्तर भारतातील शासकीय वास्तुकार्याची धुरा वाहणारी पिढी तेथेच घडली.

१९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि पूर्व पंजाब राजधानीविना उरला. नव्या नगराचा पहिला आराखडा अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोवित्स्की यांचा होता. १९५० मध्ये नोवित्स्की विमान अपघातात मृत्युमुखी पडल्यानंतर प्रशासक प्रेमनाथ थापर आणि मुख्य अभियंता परमेश्वरीलाल वर्मा युरोपात गेले व त्यांनी ल कॉर्ब्युझिए, पिएर जानेरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू यांची निवड केली. या चौघांच्या हाताखाली जो तरुण भारतीय चमू उभा राहिला, त्यात मनमोहन नाथ शर्मा, उर्मिला युली चौधरी, आदित्य प्रकाश, बी. पी. माथुर, एन. एस. लांबा यांच्यासह ए. आर. प्रभावळकर आणि जे. एस. देठे ही मराठी वाचकास परिचित वाटणारी आडनावेही आढळतात.

या कचेरीचे वैशिष्ट्य तिच्या करारांतच दडलेले होते. कॉर्ब्युझिए सल्लागार होते. त्यांनी वर्षातून दोनदा, प्रत्येकी सुमारे महिनाभर यावे, असे ठरले होते. फ्राय आणि ड्र्यू तीन वर्षांच्या करारावर आले आणि १९५४ मध्ये परतले. जानेरे मात्र १९६५ पर्यंत राहिले. म्हणजे वर्षातील बहुतांश काळ ज्याच्या नावाने नगर उभे राहत होते तो गुरू तेथे नसे. पॅरिसहून आरेखने व पत्रे येत. येथील ऊन, येथील वीट, येथील अंदाजपत्रक यांच्याशी त्यांचा मेळ घालण्याचे काम जानेरे आणि तरुण सहकारी करीत. पोलाद व सिमेंट महाग, वीट स्वस्त, हा हिशेब रोजचा होता. विटांच्या जाळ्या, उन्हाळ्यात निजण्यासाठी गच्च्या, पश्चिमेच्या उन्हाला पाठ देणाऱ्या भिंती हे सारे त्या हिशेबातूनच आले. गुरूच्या उपस्थितीत शिष्य अनुकरण करतो. त्याच्या अनुपस्थितीत त्याला अर्थ लावावा लागतो. चंदीगढमधील नेतृत्वशिक्षणाचे मर्म या भेदात आहे.

तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकास येथे भाषांतराची प्रक्रिया दिसल्यावाचून राहणार नाही. संकल्पना फ्रेंचमध्ये जन्मत, कचेरीचे टिपण इंग्रजीत होई, तर बांधकामावरची भाषा पंजाबी व हिंदुस्तानी असे. या तीन भाषांमध्ये जो सहज वावरू शके त्याच्याकडे पदापेक्षा अधिक अधिकार आपोआप येई. सिडनी विद्यापीठात शिकलेल्या व फ्रेंच जाणणाऱ्या युली चौधरी यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यांनी इमारती रचल्या, जानेरे यांच्यासमवेत शासकीय कचेऱ्यांच्या लाकडी सामानाचे काम केले आणि मानवी वसाहतींच्या तीन प्रकारांवरील कॉर्ब्युझिए यांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतरही केले. पुढे त्या हरियाणा, चंदीगढ व पंजाब या तिन्ही प्रशासनांच्या मुख्य वास्तुरचनाकार झाल्या. भाषांतरकर्ती आणि नेता या त्यांच्या दोन भूमिका एकाच प्रशिक्षणाची फळे होती.

याच काळात दुसरा एक मार्गही उपलब्ध होता. पुण्यात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले बाळकृष्ण दोशी १९५१ मध्ये थेट पॅरिसच्या कार्यशाळेत दाखल झाले. चंदीगढच्या इमारतींची आरेखने त्यांनी गुरूच्या सहवासात केली, अहमदाबादेत गुरूच्या कामांवर देखरेख केली आणि १९६२ मध्ये तेथे वास्तुकला विद्यालयाची स्थापना केली. दोशींचे शिक्षण सहवासाचे होते, चंदीगढच्या तरुणांचे अंतराचे. पहिल्यातून स्वतंत्र व्यवसाय आणि संस्था उभी राहिली; दुसऱ्यातून प्रशासनाच्या चौकटीत टिकून काम करणारे नेतृत्व आले.

मात्र या चौकटीची किंमतही होती. शासकीय निवासांचे तेरा प्रकार मुख्यमंत्र्यापासून शिपायापर्यंतच्या हुद्द्यांनुसार आखलेले होते. घराच्या प्रकाराचा क्रमांक हुद्दा सांगे आणि त्यापुढील आद्याक्षर रचनाकाराचे नाव. तरुण वास्तुरचनाकार या उतरंडीत राहूनच काटकसरीने, परंतु सन्मानाने घर कसे रचावे हे शिकले, आणि ही मोठीच कमाई होती. ही उतरंड असावी काय, हा प्रश्न मात्र त्यांच्या कक्षेत आला नाही. डोक्यावरून काँक्रीटच्या पाट्या वाहणारे स्त्रीपुरुष मजूर तर तेरा प्रकारांपैकी एकातही बसत नव्हते. त्यांच्या तात्पुरत्या वस्त्या आराखड्याबाहेर वाढत राहिल्या. मधु सरीन यांच्या १९८२ मधील ग्रंथाने या विसंगतीची सविस्तर मांडणी केली.

१९६५ मध्ये जानेरे परतले आणि शर्मा पहिले भारतीय मुख्य वास्तुरचनाकार झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॉर्ब्युझिए निवर्तले. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची पुनर्रचना होऊन चंदीगढ केंद्रशासित प्रदेश आणि दोन राज्यांची राजधानी झाले. एका कचेरीच्या जागी आता तीन प्रशासनांना मुख्य वास्तुरचनाकार हवे होते आणि ते पुरवण्याची क्षमता या पिढीत होती. परंतु मिळालेल्या वारशाचे काय करावे, याविषयी तिच्यात दोन वृत्ती दिसतात. शर्मा यांची वृत्ती राखणदाराची होती. कॉर्ब्युझिए यांच्या हयातीत न झालेले 'उघडा हात' हे शिल्प १९८५ मध्ये उभे राहिले, त्यामागे त्यांचा दीर्घ पाठपुरावा होता. आदित्य प्रकाश यांची वृत्ती परीक्षकाची होती. १९६१ मध्ये सुरू झालेल्या चंदीगढ वास्तुकला महाविद्यालयाचे ते १९६८ ते १९८२ या काळात प्राचार्य होते. याच वर्षांत हातगाडीवाले, पशुपालन आणि सांडपाण्याचा पुनर्वापर यांना नगराचा भाग मानणाऱ्या स्वयंपूर्ण वसाहतीची कल्पना ते मांडत राहिले. ज्या आराखड्याने त्यांना घडवले त्यातील रिक्त जागांकडे त्यांनी विद्यार्थ्यांच्या पुढील पिढीचे लक्ष वेधले.

या दोहोंपैकी खरा वारसदार कोण, हा वाद फारसा फलदायी नाही. राखणदार नसता तर परीक्षेसाठी नगरच उरले नसते. परीक्षक नसता तर राखण हे केवळ मूर्तिपूजन ठरले असते. उत्तरदायित्व हाती देणारे प्रशिक्षण दोन्ही वृत्तींना जन्म देते, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

तथापि इतिहासाच्या नोंदीत या पिढीला जागा अपुरीच मिळाली. सेक्टर १९ मधील जुनी वास्तुकचेरी, जेथे हे तरुण वाकून आरेखने करीत, ती २००८ पासून 'ल कॉर्ब्युझिए केंद्र' या नावाने ओळखली जाते. २०१६ मध्ये कॅपिटॉल संकुल जागतिक वारसा यादीत आले, तेही सात देशांतील १७ स्थळांसह एकाच कर्त्याच्या कृतींपैकी एक म्हणून. जगभरच्या लिलावांत विकल्या जाणाऱ्या तेथील खुर्च्यांवर बहुधा जानेरे यांचे नाव असते. भारतीय सहकाऱ्यांचे नाव अपवादानेच येते. भाषांतरित ग्रंथाच्या मुखपृष्ठावरून भाषांतरकर्त्याचे नाव गळावे, तसाच हा प्रकार आहे.

एककर्तृत्वाच्या या कथनामुळे केवळ काही व्यक्तींवर अन्याय होतो असे नाही. त्यामुळे आजच्या तरुण वास्तुरचनाकारापुढे नेतृत्वाचा चुकीचा नमुना ठेवला जातो. नेता होणे म्हणजे स्वतःची मुद्रा उमटवणे, असे तो समजतो. चंदीगढच्या कचेरीचा अनुभव वेगळे सांगतो. तेथे नेतृत्व आले ते दुसऱ्याच्या संकल्पनेची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतल्याने, अनेक भाषांमध्ये ती निभावल्याने आणि वेळ येताच तिच्या उणिवांवर बोट ठेवल्याने. आरेखनांवरील आद्याक्षरे पुन्हा वाचण्याचे काम वास्तुकलेच्या इतिहासकाराइतकेच तुलनाकाराचेही आहे.